मलिद्याची बादली

९ सप्टेंबर १९६८, सोमवार

आलो बाई एकदाचे! दोन ट्रंका, एक खलबत्ता, राफाएलची हत्यारांची पेटी आणि माझ्या पोटातलं चार महिन्यांचं बाळ, एवढा आमचा संसार मिस्टर प्रॉथरोंच्या व्हॅनमध्ये मावला आणि वर जागाही उरली. ब्रिस्टलच्या त्या खोलीत न्हाणीघरासाठी सगळी बिऱ्हाडं रांगेत, आणि घरमालकिणीने आधीच बजावून ठेवलेलं की मूल झालं की खोली सोडायची. इथे आम्हा दोघांना अख्खं कॉटेज! दोन खोल्या, बऱ्यापैकी मोठं स्वयंपाकघर, अंगणात सफरचंदाचं झाड, आणि खिडकीतून बघावं तिकडे जंगल. आल्या आल्या राफाएलने सगळे नळ सोडून पाहिले आणि मी दार लावून पाहिलं. ओकचं जाडजूड दार, त्याला मनगटाएवढी लोखंडी कडी. जंजिऱ्याचा किल्ला आहे की काय, असं मी म्हटलं, तर राफाएल म्हणाला, बरंच झालं, तुझा भाऊ राहायला आला तर त्याला बाहेर ठेवता येईल. माझ्या माहेरावर टोमणा मारायची संधी हा माणूस वेल्सच्या डोंगरातसुद्धा सोडत नाही.

मालक मेजर हॅलम. उंच, गोरेपान, पांढऱ्या मिशा, वागणं अगदी अदबीचं. लढाईच्या काळात पुण्याला होते म्हणे. मला ‘बाई’ म्हणतात आणि चहा दिला की ‘बहोत मेहरबानी’. वाकरूळकर हे आमचं आडनाव त्यांच्या तोंडात काही मावेना, म्हणून आम्ही आजपासून मिस्टर आणि मिसेस वॉकर. राफाएलकडे जनरेटर आणि गाड्या, माझ्याकडे मोठ्या घरचा स्वयंपाक. मोठं घर जंगलाच्या पलीकडे आहे. प्रॉथरो हे इथले जुने रखवालदार, ते मला रोज व्हॅनने नेणार-आणणार. एवढंसं तर अंतर, मी चालत जाईन, असं म्हटलं तर ते नुसतेच हसले.

इथे मराठी बोलायला राफाएलशिवाय कोणी नाही, आणि तो तोंड उघडतो ते जेवायला. म्हणून ही रोजनिशी. आज मी फार खूश आहे. बाळाला घर मिळालं.

११ सप्टेंबर, बुधवार

प्रॉथरो का हसले ते आज कळलं. जंगलात अस्वल आहे!

खरंखुरं, काळं, कॅनडाचं. मेजरसाहेबांनी चहा पिता पिता सांगितलं, जसं कोणी सांगावं की परसात कोंबड्या आहेत. काही वर्षांपूर्वी ते तिकडे शिकारीला गेले आणि येताना बोटीवरून पिल्लं घेऊन आले. जंगलाला भोवती उंच जाळी ठोकली, पिल्लं वाढवली, आणि आता दर वर्षी मित्रांना बोलावून एक मारतात. तिकडच्या रिवाजाप्रमाणे पानगळीचा सीझन, एक ऑक्टोबरपासून. मी विचारलं, सरकार काही म्हणत नाही? तर म्हणाले, बाई, या देशात कुत्रा पाळायला लायसन लागतं, अस्वलाला लागत नाही. आणि स्वतःच खो खो हसले.

आता एकच उरलंय, सगळ्यात मोठं. काळ्या अंगावर गळ्याशी पांढरा पट्टा, चर्चमधल्या पाद्र्याच्या कॉलरसारखा. म्हणून त्याचं नावच पाद्री.

मोठ्या घरी लग्नघरासारखी धांदल आहे. गाद्या उन्हात घातल्यात, थंड खोली धुऊन काढलीय, तिथे कातडं सोलायला लांबलचक टेबल आणि छताला आकडे. मेजरसाहेब रोज सकाळी पुठ्ठ्यावर निशाण लावून बंदूक तपासतात. पाहुणे साउथहॅम्प्टनला बोटीने उतरणार आहेत, त्यांच्यासाठी काय काय रांधायचं ते मला विचारून झालं. मला शिकार आवडत नाही. पण डोक्यावरचं छप्पर काही आवडीनिवडी विचारून मिळत नाही.

राफाएलला एक काम वाढलंय. अस्वलाला आमिषाची सवय लावायची. जंगलात एका झाडाला साखळीने लोखंडी पिंप बांधलंय, त्यात रोज दिवस कलताना खाणं टाकायचं. हे काम प्रॉथरोंचं, पण त्यांचा गुडघा धरलाय. कायदा असा की माणूस एकच हवा, कोट एकच हवा आणि तो कधी धुवायचा नाही. अस्वल नाकाने बघतं, असं प्रॉथरो म्हणाले. त्या माणसाचा वास आला की जेवण आलं, एवढं त्याच्या डोक्यात बसलं की सीझनच्या पहिल्या दिवशी ते घड्याळासारखं हजर होतं. पिंपासमोरच्या झाडावर मेजरसाहेबांचं मचाण आहे. राफाएलने विचारलं, एवढ्या उंचावर म्हणजे अस्वल पोचत नसेल? प्रॉथरो म्हणाले, उंची माणसाचा वास वरच्या वर जावा म्हणून. काळं अस्वल झाडावर मांजरासारखं चढतं.

राफाएलला यात गंमत वाटतेय. मला वाटली नाही. पण दाराला कडी आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल गुरुवार, म्हणून नव्या घराचा मलिदा केला. एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताचं नाव न घेता आम्ही बेने इस्रायली यहुदी नव्या घरात राहायला लागतो का कुठे! पोहे ब्रिस्टलहून आणले होते. भिजवले, त्यात खोबरं, साखर, वेलदोडा, वर अंगणातल्या सफरचंदाच्या फोडी. राफाएलने प्रार्थना म्हटली तेव्हा माझे डोळे भरून आले. बाळासाठी मागायचं ते मागून घेतलं.

पण नेहमीप्रमाणे मी दहा माणसांचा केला आणि खाणारी दोन तोंडं. आता उरलेला मलिदा टाकायचा कुठे? प्रार्थनेचं अन्न, पायदळी येता कामा नये.

त्यातच आमिषाच्या बादलीवरून आमचं वाजलं. त्या बादलीत बेकरीतला शिळा पाव, काकवी आणि मोठ्या घरची डुकराची चरबी असते. राफाएल नाकाला रुमाल बांधून जातो खरा, पण ती चरबी कोटाला लागते आणि तो कोट माझ्या घरात येतो! आमचं नवं वर्ष तोंडावर आलंय, मी म्हटलं, हे चालायचं नाही. अस्वलाला गोड हवं ना? मग मलिदा घेऊन जा. जिवंत प्राण्याच्या पोटात गेला तर दोष नाही, आणि तुझे हातही बाटत नाहीत. राफाएलने डोकं खाजवलं आणि नेला.

परत आला तो हसत. बादली पिंपावर तीनदा आपटायची, ती त्यांची जेवणाची घंटा. कालपर्यंत पाद्री ती ऐकून आरामात यायचा. आज म्हणे राफाएल पुरता वळलाही नव्हता तोवर झाडीतून बाहेर आला, सगळं चाटून पुसून साफ केलं आणि मग स्वतःच पिंपावर पंजा मारू लागला. ठक ठक ठक. अजून वाढा म्हणून! माझ्या हाताला अशी दाद माझ्या सासूने कधी दिली नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

आता रोज मलिदाच जातो. पोहे संपले म्हणून मी पॉरिजचे ओट्स घेते, बाकी खोबरं, साखर, वेलदोडा तोच. चरबीची बादली आम्ही गुपचूप खड्ड्यात पुरतो.

पण गुपित काही राहिलं नाही. मेजरसाहेब आज स्वतः कॉटेजवर आले. पाद्री हल्ली इतका नेमाने येतो, काय जादू केली, असं विचारलं. राफाएलला खोटं बोलता येत नाही, त्याने सांगून टाकलं. मला वाटलं, झालं, ट्रंका भरा. तर ते ओट्यापाशी उभे राहून चमच्याने मलिदा खायला लागले! बहोत अच्छा, बहोत अच्छा. पुण्याची आठवण झाली म्हणे. त्यांच्यासाठी एक डबा रोज वेगळा काढून ठेवायचा, आणि लंडनहून नारळांची पेटी मागवतो, काही कमी पडू द्यायचं नाही, असं सांगून गेले.

साहेब असावा तर असा. राफाएलने आज पाळण्यासाठी लाकडं बघायला सुरुवात केली.

२२ सप्टेंबर, रविवार

आज दिवस बुडाला की आमचं नवं वर्ष. सकाळी सफरचंदं तोडायला अंगणात गेले, तर खालच्या फांद्या मोडलेल्या आणि चिखलात पाऊल. माणसाच्या अनवाणी पावलासारखंच, फक्त रुंद, आणि पुढे नख्या.

प्रॉथरोंना दाखवलं. ते गुडघा धरून खाली वाकले आणि त्यांनी वितीने पाऊल मापलं. मग विचारलं, बादलीत काय जातं. मी सांगितलं, थोडं अभिमानानेच. त्या माणसाचा चेहरा उतरला. ते म्हणाले, मिसेस वॉकर, बेकरीचा पाव कुठून येतो ते अस्वलाला कळत नाही. तुमचं जेवण कुठून येतं ते कळतं.

मी म्हटलं, पण मधे जाळी आहे ना? तेव्हा त्यांनी हात उचलून आमच्या कॉटेजच्या मागे दाखवलं. जाळी तिकडे आहे. आमचं कॉटेज जाळीच्या आत आहे. पूर्वीपासून. रोज व्हॅनमधून मोठ्या घरी जाताना जंगलात शिरायचं फाटक लागतच नाही, फक्त बाहेर पडायचं लागतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मोठ्या घराच्या बाजूला एक फाटक, रस्त्याच्या बाजूला एक. दोन्हींच्या किल्ल्या मेजरसाहेबांकडे आणि प्रॉथरोंकडे.



२५ सप्टेंबर, बुधवार

मलिदा बंद केला. काल राफाएलने चरबीची बादली नेली. बाटू देत हात, मी म्हटलं, धुता येतात.

पाद्रीने पिंपाला तोंड लावलं नाही. राफाएल परत निघाला तेव्हा झाडीतून त्याच्या बरोबरीने चालत आला. धावला नाही, गुरगुरला नाही. राफाएल थांबला की थांबायचा. अंगणापर्यंत पोचवून गेला. राफाएल आत आला तो माझा हात धरून बसला.

आणि आज संध्याकाळी मी कांदा चिरत होते, वर पाहिलं तर खिडकीच्या काचेवर ओलसर, वाटीएवढा डाग. नाकाचा. आतापर्यंत तो तिथे होता आणि मला बघत होता. मग मागे कचऱ्याच्या डब्यावर आवाज झाला. ठक ठक ठक.

 कडी लावली आणि तिला धरून उभी राहिले.

२६ सप्टेंबर, गुरुवार

राफाएलने मेजरसाहेबांना सगळं सांगितलं. मोठ्या घरात राहू द्या, निदान माझ्या बायकोला, सिप्पोराला तरी, तिला दिवस गेलेत, असं म्हणाला. इतके दिवस आम्ही लपवलं होतं ते सांगितलं.

ते खूश झाले. बाळाचं ऐकून अभिनंदन केलं. पाद्रीचं ऐकून त्याहून खूश. दाराशी येतो? रोज? एकाच वेळी? असं पुन्हा पुन्हा विचारलं. मग म्हणाले, मिस्टर वॉकर, काही बदलू नका. बाईंना सांगा, मलिदा चालू ठेवा. सीझन झाला की हवी तेवढी रजा घ्या.

मोठ्या घरी पाहुण्यांसाठी सगळ्या खोल्या लागणार आहेत म्हणे.

नारळांची पेटी आली.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज आमच्या समोरच्या ओकवर दोन माणसं शिडी लावून काम करतायत. पिंपासमोरचं मचाण उतरवून इथे आणलं. आधी मला हायसं वाटलं. आमच्या राखणीला कोणीतरी बसणार, असं समजून मी त्या माणसांना चहा दिला. चहा दिला मी त्यांना!

मग राफाएल शिडी चढून वर बसून आला.  वरून काय दिसतं, मी विचारलं.

जंगल दिसत नाही, तो म्हणाला. वाटही दिसत नाही. फक्त आपलं दार दिसतं.

३० सप्टेंबर, सोमवार

प्रॉथरो व्हॅन घेऊन साउथहॅम्प्टनला गेले, पाहुण्यांना आणायला. त्यांनी आम्हाला गुपचूप बरोबर न्यायचं कबूल केलं होतं. पण फाटकापाशी मेजर स्वतः उभे होते, त्यांनी आम्हाला व्हॅनमधून उतरवलं. प्रॉथरोंच्या जुडग्यातून जंगलाच्या किल्ल्या काढून घेतल्या, सीझनमध्ये फाटकं बंद असतात म्हणून. प्रॉथरो दोन शब्द बोलले, ते आम्हाला ऐकू आले नाहीत. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून व्हॅन काढली.

पाहुणे परवा येतील. पहिला दिवस मेजर स्वतःसाठी ठेवतात. पहिला दिवस उद्या.

उद्या संध्याकाळी आमची दारफळणी. वर्षातला सगळ्यात मोठा उपास. दिवस बुडायच्या आत दार लावायचं, दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. आत बसायचं आणि वर्षभरात जे चुकलं त्याची माफी मागायची, आणि आपल्याकडे मागितली तर द्यायची. लहानपणी आम्हाला सांगायचे, त्या संध्याकाळी घरातले गेलेले लोक भेटायला येतात. मला तेव्हा फार भीती वाटायची. आता आई आली तर किती बरं होईल.

राफाएल म्हणतो, दारच लावायचं आहे ना, मग घट्ट लावू. कडी भक्कम आहे. एक संध्याकाळ काढायची.

जाळी चढायचं आम्ही बोललो. वर काटेरी तार आहे. या पोटाने मला ते जमणार नाही. तू एकटा जा, मी म्हटलं. तो उठला आणि पाळण्याची लाकडं तासू लागला.

१ ऑक्टोबर, मंगळवार, दुपार

कडी नेली.

मेजर सकाळी आले, हातात पेचकस. अगदी हसतमुख. कडी गंजलीय बाई, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, नवीन बसवतो. राफाएल जनरेटरपाशी होता, त्याला मुद्दाम तिकडे पाठवलं होतं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. त्यांनी माझ्या खांद्याला हळूच धरून मला बाजूला केलं, जसं खुर्चीला करतात. कुलूपही काढलं, कडीही काढली. सगळं खिशात.

मी रडले. हात जोडले. पोटावर हात ठेवून दाखवलं. ते म्हणाले, माझा नेम आजवर चुकलेला नाही. पाद्रीने दार ढकललं आणि आतल्या उजेडात तो उंबऱ्यावर उभा राहिला की मी गोळी घालीन. तुम्हाला ओरखडासुद्धा यायचा नाही.

मग म्हणाले, संध्याकाळी बादली भरून पायरीवर ठेवा. आणि मचाणावर मला माझा डबा लागेल. थंडी असते वर.

बहोत मेहरबानी, असं म्हणून गेले.

दुपार, नंतर

नारळ फोडले. खूप दिवसांनी एवढा मलिदा केला. वेलदोडा होता तेवढा सगळा कुटून घातला. 

पायरीवरच्या बादलीत खाण्याऐवजी कोळसे भरले. वर पाणी, मचाणावरून भरलेली दिसावी म्हणून.

मलिदा सगळा मेजरच्या डब्यात. आणि डबा गरम राहावा म्हणून राफाएलच्या कोटात गुंडाळला. तोच कोट. न धुतलेला. वर मेजरनेच थंडीसाठी आणून ठेवलेली शाल बांधली. चहाच्या वेळी त्यांनी गाठोडं नेलं. वास छान येतोय म्हणाले.

राफाएलला सांगितलं नाही. आज, आजच्या दिवशी, मी हे केलं. माझ्या बाळाच्या दाराची कडी मेजरने खिशात घातली. मला माफी नको.

१ ऑक्टोबर, दिवस बुडताना

अंघोळी झाल्या. पांढरे कपडे. जेवण झालं, पाणीही शेवटचं. दिवा लावला. दाराला टेबल, टेबलाला कपाट, कपाटाला राफाएल.

ओकवर काडी पेटली. मेजर बसला.

आता लिहायचं नाही, उपास सुरू झाला. लिहिते आहे. हात थांबला तर ओरडेन.

आला. सफरचंदाखाली. पट्टा दिसतोय पांढरा.

बादली हुंगली. उलटी केली. कोळसे —

दाराशी. फटीतून श्वास. ओला. राफाएल डोळे मिटून प्रार्थना —

ठक. ठक. ठक.

टेबल सरकलं बोटभर. मेजर गोळी घालत नाही. का घालत नाही? पाद्री उंबऱ्यावर यायची वाट बघतोय. दार उघडायची —

थांबलं.

वारा फिरला. ओककडून इकडे. वेलदोडा मलाही येतोय.

गेला. इथून गेला!

साल ओरबाडल्याचा आवाज. वर वर. मेजर ओरडतोय. एक बार. लगेच दुसरा. फांदी मोडली — काहीतरी जड पडलं —

राफाएल माझ्याकडे बघतोय. कोट कुठे आहे, विचारतोय.

धावत येतंय कोणीतरी. पाय ओढत.

मेजर. दारावर मुठी. बाई, दरवाजा खोलो. मिस्टर वॉकर. प्लीज. मग नुसतं रडणं. म्हातारा माणूस लहान मुलासारखा —

राफाएल म्हणतो उघडू या. मी म्हटलं दारफळणी आहे. तो म्हणाला, आज दाराशी आलेल्याला नाही म्हटलं तर उद्या आपण कोणाकडे मागायचं? मी सांगितलं त्याला. कोट मी दिला. डबा मी दिला. त्याने कपाटाला हात घातला.

हो म्हटलं मी. देवा, मी हो म्हटलं. उघड.

कपाट बाजूला. टेबल ओढतोय. मेजर म्हणतोय जल्दी, जल्दी, तो —

टेबल निघालं.

राफाएल थांब. ऐक.

हाका थांबल्या.

ठोठावणं नाही थांबलं.

ठक. ठक. ठक.

राफाएल, टेबल — टेबल परत — कडी ना